बदकांच्या पिलांची परस्पर ओळख



बसवकल्याण तालुक्यातील मुडबीसारख्या ज्वारी-तुरीच्या मुलखात बदक हा पक्षी अजून नवखाच. कोंबडी घरोघरी परिचित असल्यामुळे बदकालाही तोच न्याय लावला जातो. मग एखाद्या गृहिणीने पै-पै साठवून आणलेली पिले जुन्या कळपात सोडली जातात, आणि तेथेच घात होतो.

बेंगळूरजवळील हेसरघट्टा येथे केंद्र सरकारच्या संस्थेत खाकी कॅम्पबेल जातीच्या बदकांचे संगोपन दीर्घकाळ झाले आहे. या बदकाचे अंडे २८ दिवसांत उबते. परंतु यंत्रात जन्मलेल्या पिलाला आई ठाऊक नसते. जन्मानंतरच्या पहिल्या तासांत जे हालते-बोलते दिसेल त्याच्याच मागे असे पिलू जाते, हे ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९३५ मध्ये विस्ताराने मांडले. म्हणूनच माणसाच्या हाती एकटे वाढलेले पिलू पुढे स्वजातीयांतच बिचकते. हौसेखातर एकच पिलू आणणे हा त्या पिलावर अन्यायच होय.

निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली पिले प्रथम किमान दोन आठवडे अलग ठेवावीत. ‘डक प्लेग’ हा विषाणुजन्य रोग वरकरणी निरोगी दिसणाऱ्या बदकाकडूनही पसरतो. त्याची लस साधारणतः ८ ते १२ आठवड्यांच्या वयात टोचतात; तोवर लहान पिलांना तिचे संरक्षण नसते.

त्यानंतर मध्ये तारेची जाळी उभारून दोन्ही गट तीन-चार दिवस शेजारी ठेवावेत. दाणापाणी जाळीलगतच द्यावे. एकमेकांसमोर खाता-पिता परकेपणा ओसरतो. पुढे सकाळीच जाळी काढावी, म्हणजे दिवसभर नजर ठेवता येते. रात्री गुपचूप मिसळण्याची कोंबडीवाल्यांची रीत येथे नको; अंधारात बिथरलेली बदके एकमेकांना तुडवितात. आठवड्याचे पिलू महिन्याच्या पिलांत कदापि सोडू नये. थोडा पाठलाग, थोडी चोचाचोची चालावयाचीच. मात्र एखादे पिलू दाण्यापासून सतत हुसकले जात असेल, तर त्याला एका सोबत्यासह बाजूस काढावे. खाद्याची व पाण्याची भांडी दोन ठिकाणी असली म्हणजे निम्मे भांडण मिटते.

सात-आठ आठवड्यांनी आवाजावरून नर-मादी ओळखू येतात. मादीचा आवाज खणखणीत, नराचा घोगरा. सहा-सात माद्यांमागे एक नर पुरेसा असतो. जादा नर वेळीच वेगळे न केल्यास ते माद्यांच्या मानेवरील पिसे उपटतात.