गोठ्यातली पद्मिनी

नांदगाव खंडेश्वरात कुणाच्या वाड्यात, ढेपेच्या पोत्यांआड जुनी प्रीमियर पद्मिनी उभी असेल, तर ती भंगारात घालायची घाई करू नका. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात बनवलेली ही गाडी. इंजिन 1089 सीसीचं, साध्या कार्बोरेटरचं; संगणकाची भानगडच नाही, म्हणून हौशी माणसालाही ती घरी खोलता येते.

मात्र बॅटरी जोडून लगेच स्टार्टर मारू नका. प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या, मग पान्याने इंजिन हळूच फिरवून पाहा. टाकीतलं जुनं पेट्रोल चिकट झालेलं असतं, तेही काढा. आणि रंगाचा मोह आवरा! या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. तळ गंजला असेल तर आधी तो. वेल्डिंगआधी टाकी उतरवायची, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही.

पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ रूपातल्या गाडीला 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. पण ती रोज फिरवता येत नाही. आरसी बुक सापडत नसेल, तर पैसा घालण्यापूर्वी अमरावतीच्या आरटीओत चौकशी करा.