कर बसविणारे आणि कर भरणारे

(संस्थेच्या अमृतमहोत्सवानिमित्त नारायणगुडा येथील आपल्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थापकांचे गुणवर्णन माझ्या आधीच्या दोन वक्त्यांनी इतक्या चांगल्या रीतीने केले आहे की त्यात भर घालण्यासारखे मजजवळ काही नाही. कार्यवाहांनी मला विषय दिला तो मात्र रुक्ष आहे. तीस वर्षे या संस्थेचे हिशेब माझ्या हातून गेले, त्यामुळे मी समोर दिसलो की लोकांना पावतीपुस्तक आठवते. तेव्हा पुढारी आणि त्यांनी स्वतः भरावयाचा कर, या विषयावर हिशेबनिसाच्या नजरेने चार गोष्टी सांगाव्यात, असा विचार केला आहे. कोणत्याही एका पक्षावर टीका करण्याचा हेतू नाही. या कामी सर्व पक्षांची पाने सारखीच भरलेली आहेत.

आपण हैदराबादकर. राजाने कर घ्यावयाचा आणि द्यावयाचा मात्र नाही, ही रीत आपल्या आजोबा-पणजोबांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. जुन्या हैदराबाद राज्याचा सुमारे दहावा हिस्सा सर्फ-ए-खास होता, म्हणजे त्या मुलखाचा वसूल थेट निजामाच्या खासगी खजिन्यात जात असे. त्याखेरीज जहागिरी आणि पायगा निराळ्या. पोलीस कारवाईनंतर १९४९ साली सर्फ-ए-खास सरकारी मुलखात विलीन झाले आणि त्याच वर्षी जहागिरीही संपल्या. प्राप्तीवरील कर तर येथे निजामी राजवटीच्या अगदी अखेरीस, १३५७ फसलीत, प्रथम आला. भारताचा आयकर कायदा १ एप्रिल १९५० पासून हैदराबादेस लागू झाला. पुढे दोनच महिन्यांनी देशाचे अर्थमंत्री झाले ते चिंतामणराव देशमुख. त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे याच शहरात काढली आणि १९८२ साली ते येथेच वारले. राजाचे मात्र एक शेपूट राहिलेच. संस्थानिकांचे तनखे घटनेनेच आयकरातून मुक्त ठेवले होते. निजामाचा तनखा वर्षाला ५० लाखांचा. ती सोय १९७१ च्या घटनादुरुस्तीने संपली. राजेरजवाडे गेले, आता राज्यकर्तेही तुमच्या-आमच्यासारखे कर भरणार, असे लोकांना वाटले.

तसे वाटण्याआधीच दिल्लीत एक प्रकरण होऊन गेले होते. काँग्रेस दुभंगण्याच्या सुमारास, १९६९ साली, केंद्रीय मंत्री जगजीवनराम यांनी सुमारे दहा वर्षे आयकराची विवरणपत्रेच भरली नसल्याचे बाहेर आले. खुलासा असा झाला की, कामाच्या व्यापात ते विसरले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीही तो उचलून धरला. अर्थखाते त्या वेळी त्यांच्याकडेच होते! जगजीवनराम हे मोठ्या कर्तबगारीचे मंत्री होते, बांगला देशाच्या युद्धात संरक्षणमंत्री तेच होते, हे विसरून चालणार नाही. पण 'विसरलो' हा शब्द मी माझ्या वहीत निराळ्या शाईने लिहून ठेवला आहे. त्याचे कारण पुढे सांगतो.

व्यक्तीचे एक असते, पक्षाचे एक. राजकीय पक्षांना आयकराची माफी देणारे कलम १९७९ पासून अमलात आले. ही माफी आपल्या संस्थेला मिळते तशीच सशर्त आहे : हिशेब ठेवा, तपासून घ्या, विवरणपत्र भरा, मग कर नाही. आपण धर्मादाय संस्था या अटी निमूटपणे पाळीत आलो. पक्षांचे काय झाले, ते १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात 'कॉमन कॉज' या संस्थेच्या दाव्यात दिसले. कित्येक पक्षांनी वर्षानुवर्षे विवरणपत्रे भरलीच नव्हती आणि आयकर खात्यानेही त्यांना फारसे विचारले नव्हते. ज्यांनी कलम मंजूर केले त्यांनीच ते वाचले नव्हते, असे म्हणावे लागते.

परंतु मला सर्वांत अधिक विचार करावयास लावले ते उत्तर प्रदेशाच्या एका कायद्याने. तेथे कर चुकविलेला नाही, लपविलेला नाही. सर्व काही कायदेशीर आहे. १९८१ साली विश्वनाथ प्रताप सिंह मुख्यमंत्री असताना मंत्र्यांच्या वेतनाचा कायदा झाला. त्यात एक कलम असे घातले की मंत्र्यांच्या वेतनावरील आयकर राज्य सरकार भरील. कारण काय? तर बहुतेक मंत्री गरीब घरचे आहेत. त्या वेळी ते काही अंशी खरेही असेल. पुढे मुख्यमंत्री बदलले, पक्ष बदलले, गाड्या आणि बंगले आले, निवडणूक-शपथपत्रांत कोटींचे आकडे येऊ लागले. कलम मात्र जागच्या जागी राहिले. शेवटी २०१९ च्या सप्टेंबरात वर्तमानपत्रांनी ते उकरून काढले. त्या वर्षी मंत्र्यांच्या कराचे सुमारे ८६ लाख रुपये खजिन्यातून गेले होते. गवगवा झाल्यावर काही तासांतच, यापुढे मंत्री आपला कर आपण भरतील, असे सरकारने जाहीर केले. पंजाबने ही सवलत २०१८ साली काढली होती, हिमाचल प्रदेशाने २०२२ साली काढली आणि मध्य प्रदेशाने १९७२ पासूनचा आपला नियम २०२४ च्या जूनमध्ये रद्द केला.

यातील गंमत आपल्या लक्षात आली असेल. हेच विश्वनाथ प्रताप सिंह पुढे १९८४ च्या अखेरीपासून देशाचे अर्थमंत्री होते आणि बड्या उद्योगपतींवर करचुकवेगिरीबद्दल त्यांनी धाडी घातल्या, म्हणून जनतेने त्यांना डोक्यावर घेतले. मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही. स्वतःच्या वर्गाला दिलेली सवलत माणसाला सवलत वाटतच नाही, ती त्याला सोय वाटते. आपल्या घरातही असे घडत असते.

महाराष्ट्राकडे वळू. आपल्यापैकी निम्म्यांची गावे नांदेड, परभणी, लातूर, धाराशिवकडची आहेत, म्हणून सांगतो. २०१९ साली माहितीच्या अधिकारात मुंबई महापालिकेकडून एक यादी बाहेर आली. मुख्यमंत्र्यांचा 'वर्षा' बंगला आणि अठरा मंत्र्यांचे बंगले यांची पाणीपट्टी थकलेली, आणि महापालिकेने त्यांची नोंद थकबाकीदार म्हणून केलेली. एकूण थकबाकी सुमारे ८ कोटी रुपये. न्यायाने बोलावयाचे तर सरकारी बंगल्याची बिले सार्वजनिक बांधकाम खात्याने भरावयाची असतात, मंत्र्याच्या खिशातून ती जात नाहीत. परंतु चाळीतल्या भाडेकऱ्याचे पाणी तोडताना नळ कोणाच्या नावावर आहे, हे कोणी विचारीत नाही.

आता याच महाराष्ट्राचा दुसरा कायदा पाहा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे, ज्या सदस्याने पंचायतीची किंवा जिल्हा परिषदेची पट्टी, रीतसर बिल हातात पडल्यावर तीन महिन्यांत भरली नाही, तो सदस्य राहण्यास अपात्र ठरतो. सरपंचसुद्धा. घरपट्टीच्या काही शेकड्यांसाठी पद गेल्याची प्रकरणे जिल्हाधिकाऱ्यांपुढे आणि उच्च न्यायालयापुढे नेहमी येतात. बिल रीतसर बजावले होते की नाही, यावरच सारा वाद चालतो. आमदार-खासदाराला असे काही नाही. २००३ पासून उमेदवाराला शपथपत्रात आपली मालमत्ता आणि सरकारची देणी लिहावी लागतात, आणि २०१९ पासून पाच वर्षांच्या विवरणपत्रांतील उत्पन्नही. पण लिहिले म्हणजे झाले. कराची थकबाकी आहे म्हणून कोणाची उमेदवारी जात नाही. गावच्या सरपंचाला जी शिस्त, ती त्याच्या आमदाराला नाही. कायदा मात्र त्या आमदारांनीच केलेला आहे.

परदेशांत हे होत नाही असे नव्हे. अमेरिकेचे उपाध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांना १९७३ साली करचुकवेगिरीच्या आरोपाला उत्तर न देता पद सोडावे लागले. फ्रान्सचे एक मंत्री तोमा तेवनू २०१४ साली नऊ दिवसांत गेले. आपल्याला सरकारी कागदपत्रांचे भयच वाटते, असे त्यांचे म्हणणे पडले. हा जगजीवनराम यांच्या विस्मरणाचा फ्रेंच अवतार समजावा. इंग्लंडात २०२५ च्या सप्टेंबरात उपपंतप्रधान अँजेला रेनर यांनी घरखरेदीवरचा मुद्रांक कर सुमारे ४० हजार पौंडांनी कमी भरला गेला म्हणून राजीनामा दिला. गृहनिर्माण खाते त्यांच्याकडेच होते. तेथेही चुका होतात, पण चूक उघड झाली की खुर्ची सुटते.

आता ती निराळी शाई. दहा-बारा वर्षांपूर्वी एक नवा नियम आला. संस्थांच्या हिशेबतपासणीचा अहवाल संगणकावरून पाठवावयाचा. मी जुन्या वळणाचा. अहवालावर सह्या घेतल्या, शिक्का मारला, फाईल नीट बांधून कपाटात ठेवली आणि निश्चिंत झालो. संगणकावरून तो पाठवावयाचा राहून गेला. वर्षभराने नोटीस आली : अहवाल मिळाला नाही, सबब माफी नाही, सबब साऱ्या उत्पन्नावर कर आणि त्यावर व्याज. रक्कम लाखाच्या वर होती. ती बाजूस ठेवावी लागली, म्हणून त्या जूनमध्ये चौदा मुलांच्या शिष्यवृत्त्या आपण थांबविल्या. विठ्ठलवाडीतल्या एक बाई मुलीला घेऊन कार्यालयात आल्या होत्या. त्यांनी मला एवढेच विचारले, "काका, पैसे नाहीत का?" पैसे होते. विसरलो होतो मी. उशीर माफ करावा म्हणून अर्ज केला, प्रतिज्ञापत्र केले, चार वेळा हेलपाटे घातले. आठ-नऊ महिन्यांनी अर्ज मान्य झाला. मधल्या काळात चौदांपैकी अकरा मुलांची फी आपल्यापैकी काही कुटुंबांनी परस्पर भरली. तिघांची भरली गेली नाही. ती तीन नावे माझ्या वहीत आहेत. अधिकाऱ्याने मला खडसावले आणि ते योग्यच होते. कामाच्या व्यापात विसरलो, असे मी त्याला सांगून पाहिले होते.

दुसरी गोष्ट आमच्या कोषाध्यक्षांची. ते शाळेतून निवृत्त झालेले, सारे त्यांना मास्तर म्हणत. वीसेक वर्षांपूर्वी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एक लोकप्रतिनिधी आले. नाव नको, पक्षही नको. वरच्या सभागृहाला पत्रे होते, स्लॅब टाकावयाची होती. त्यांनी रोख दोन लाख टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "मास्तर, पावती तेवढी एकतीस मार्चची द्या. आमच्या रिटर्नला बरे पडते." मास्तरांनी पावतीपुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरले. म्हणाले, "साहेब, ही पाहा, तीस मार्चची पावती. त्यापुढच्या तीन एप्रिलात फाडलेल्या आहेत. तारीख मागे नेईन, पण नंबर कोठून आणू?" पाहुणे हसले, पैसे उचलले आणि गेले. त्या स्लॅबला पुढे सहा वर्षे लागली. पावसाळ्यात पत्र्यांखाली कीर्तन ऐकू येत नसे आणि काही सभासदांनी मास्तरांना बोलही लावले. मीही लावणाऱ्यांत होतो, हे कबूल केले पाहिजे.

मास्तर गेल्यानंतर कधीतरी मी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांची हकीकत वाचली. त्यांनी आपली कागदपत्रे राष्ट्रीय अभिलेखागाराला दान दिली आणि त्यावर मोठी वजावट घेतली. अशा दानावरची सवलत १९६९ च्या जुलैनंतर बंद झाली होती. दानपत्रावर सह्या १९७० मध्ये झाल्या, तारीख मात्र घातली १९६९ च्या मार्चची. दोन लाखांहून अधिक डॉलरच्या प्राप्तीवर त्या अध्यक्षांनी १९७० साली ८०० डॉलरपेक्षाही कमी कर भरला. १९७४ साली चार लाखांवर डॉलर येणे निघाले आणि मागची तारीख घालणाऱ्या वकिलाला शिक्षा झाली. ते वाचताना मला नारायणगुड्याचे ते टेबल आणि त्यावरचे पावतीपुस्तक दिसत होते. आता प्रत्येक देणगीचे विवरण सरकारकडे जाते, त्यामुळे असे पाहुणे येत नाहीत. येतात ते भाषणाला येतात.

शेवटी आपल्या महानगरपालिकेविषयी एक शब्द. एप्रिल महिन्यात वर्षाची घरपट्टी आगाऊ भरणाऱ्यास पाच टक्के सूट मिळते. वर्षानुवर्षे थकविणाऱ्यास एकरकमी योजना येते, तिच्यात व्याजाचे नव्वद टक्के माफ होतात. अशी योजना २०२०, २०२२, २०२४ आणि २०२५ साली आली. आपल्या कार्यकारिणीत एका तरुण सभासदाने रास्त प्रश्न केला, "काका, मग आपणही थांबायचे का? दर दोन वर्षांनी येतेच आहे." हिशेबाने त्याला उत्तर देणे अवघड होते, व्याज आणि बँकेतील ठेव यांची तोंडमिळवणी करून तो आला होता. मी त्याला कपाटातली चौदा नावांची वही काढून दिली. तो ती घरी घेऊन गेला. पुढच्या सभेत घरपट्टी भरण्याचा ठराव त्यानेच मांडला.

या वर्षीची पावती कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावलेली आहे. तारीख एप्रिलचीच आहे. चहा खाली अंगणात मांडला आहे, जाताना पाहावी.