मुरबे गावची मुले आणि तारापूरचे सांडपाणी



हवामानबदलाची चर्चा निघाली की हिमनद्या आठवतात. मुरबे गावातील मूल कोणास आठवत नाही. प्रश्न मात्र त्या मुलापासूनच समजून घ्यावयास हवा.

मुरबे हे खाडीकाठचे मच्छीमारांचे गाव. पलीकडे सातपाटी आणि थोड्याच अंतरावर तारापूरची औद्योगिक वसाहत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात ९३.६९ गुण मिळवून तारापूर देशात पहिले आले. (हा पहिला क्रमांक कोणत्याही शाळेच्या फळ्यावर झळकला नाही!) तेथील सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने शंभराहून अधिक कारखान्यांना भरपाईस जबाबदार धरले. परंतु भरपाई रुपयांत मोजली जाते आणि बालकाचे फुफ्फुस एकदाच वाढते.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. वजनाच्या मानाने ते मोठ्यांपेक्षा अधिक हवा आत घेते, अधिक पाणी पिते. त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात. त्यात उन्हाळा तीव्र झाला की धुराड्यांतून व वाहनांतून निघालेल्या वायूंपासून जमिनीलगत ओझोन अधिक तयार होतो आणि दमेकरी मुलाचा श्वास कोंडतो. अतिवृष्टीत नाले व विहिरी एक झाल्या की अतिसार आणि कावीळ घरात शिरतात. म्हणजे प्रदूषण आणि हवामानबदल हे दोन वेगळे रोग नाहीत. एक दुसऱ्याला बळ देतो.

तिसरी बाजू ताटाची आहे. अरबी समुद्र तापत आहे, वादळे वाढत आहेत. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने या किनाऱ्यालाही झोडपले. होडी बंदरात बांधून राहिली की कमाई थांबते आणि खाडीतील मासळी आटली की गरिबाच्या मुलाची स्वस्त प्रथिनेही जातात. ज्या जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याचे कुपोषण अनेक दशके गाजते आहे, त्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ही टंचाई यावी, याला निसर्गाचा कोप म्हणणे ही सोयीस्कर लबाडी होय.

आता मुरबे येथे नव्या बंदराचा प्रस्ताव आहे; २०२५ सालच्या जनसुनावणीत मच्छीमारांनी विरोध नोंदविला. रोजगाराचा मुद्दा खोटा नाही, त्याला उत्तर द्यावेच लागेल. परंतु प्रकल्पाच्या अहवालात जेटीची लांबी येते, तशी गावातील मुलांच्या दम्याची, त्वचारोगांची व वजनाची नोंदही आली पाहिजे. ती नोंद प्राथमिक आरोग्य केंद्राने दर वर्षी घ्यावी आणि ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेतच ठरावरूपाने मांडावी.