मूळ मूर्ती गाभाऱ्यात, उत्सवमूर्ती आकाशात



मूर्तिजापूर अकोला जिल्ह्यात, अचलपूर अमरावती जिल्ह्यात. या दोन गावांना अरुंद रुळांनी जोडणाऱ्या शकुंतलेची ओळख वऱ्हाडात कोणाला करून द्यावी लागत नाही. मँचेस्टरला १९२१ मध्ये तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून सत्तर वर्षे गाडी ओढत राहिले. १५ एप्रिल १९९४ रोजी ते निवृत्त झाले, डिझेल इंजिन आले आणि पुढे गाडीही थांबली. तिची आठवण निघाली की दोन मते हमखास पुढे येतात. एक म्हणते, ती पुन्हा धावली पाहिजे. दुसरे म्हणते, तिचे आयुष्य झाले. आता तिला नीट जपून ठेवा.

आजच्या व्याख्यानाचा विषय हाच प्रश्न आहे. फक्त तो रुळांवरून आकाशात गेलेला आहे. युद्धात लढलेले, आजवर टिकून राहिलेले मूळ लढाऊ विमान दुरुस्त करून उडवावे, की संग्रहालयात जतन करावे? रेल्वेचे इंजिन बंद पडले तर ते रुळांवर उभे राहते. विमानाला ती सवलत नाही. म्हणूनच हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. त्यात माणसाचा जीव गुंतलेला असतो.

या यंत्रांचे मोल समजून घेण्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४७ आठवावा लागेल. २७ ऑक्टोबर रोजी भारतीय वायुसेनेची डाकोटा विमाने पहिल्या शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरली. पुढच्या काही दिवसांत श्रीनगरकडे सरकणाऱ्या आक्रमकांवर स्पिटफायर आणि टेम्पेस्ट विमानांनी हल्ले चढवले. काश्मीरच्या त्या मोहिमेतील कामगिरीबद्दल हृषीकेश मुळगावकर या मराठी वैमानिकाला महावीर चक्र मिळाले. तेच पुढे १९७६ मध्ये वायुसेनाप्रमुख झाले. त्या काळातील एखादे विमान आज समोर उभे राहिले, तर ते केवळ लोखंड-ॲल्युमिनियम नसते. ते इतिहासाचे साक्षीदार असते.

उडवावे, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे

विमान उडवावे असे म्हणणाऱ्यांना केवळ हौशी ठरवणे अन्यायाचे होईल. त्यांच्या बाजूने सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच देशातले आहे. आर ४११८ या क्रमांकाचे हॉकर हरिकेन विमान १९४० मध्ये ब्रिटनच्या हवाई लढाईत प्रत्यक्ष लढले. १९४३ मध्ये ते भारतात पाठवण्यात आले आणि पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी म्हणून दाखल झाले. शिकवण्याचे काम संपल्यावर ते उघड्यावर पडून राहिले. १९८२ मध्ये पीटर व्हॅशर या इंग्रज गृहस्थांच्या दृष्टीस ते पडले. जवळपास वीस वर्षांच्या चिकाटीनंतर २००१ मध्ये त्यांनी ते विकत घेऊन मायदेशी नेले आणि डिसेंबर २००४ मध्ये ते पुन्हा आकाशात झेपावले.

यातून निघणारा बोध कडू आहे. जे विमान येथे 'जपले' जात होते, ते ऊनपावसात झिजत होते. ज्याने उडवायचे ठरवले, त्याने ते वाचवले. उडणाऱ्या विमानाकडे दुर्लक्ष करताच येत नाही. त्याचा प्रत्येक सांधा तपासावा लागतो, प्रत्येक नळी बदलावी लागते. त्या निमित्ताने जुनी कारागिरीही जिवंत राहते. हरिकेनच्या लाकडी फासळ्यांवर कापड ताणून बसवणे, स्पिटफायरचे बारा सिलिंडरांचे, सत्तावीस लिटरचे मर्लिन इंजिन खोलून पुन्हा जुळवणे, ही विद्या पुस्तक वाचून येत नाही. ती हातातून हातात जाते. आणि आकाशातून घुमत येणारा तो आवाज ऐकून एखाद्या मुलाच्या मनात जे जागे होते, ते काचेमागच्या फलकाने जागे होईलच असे नाही.

जपावे, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे

आता दुसरी बाजू. २५ मे २०२४ रोजी ब्रिटिश हवाई दलाच्या स्मृतिपथकातील स्पिटफायर उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि स्क्वाड्रन लीडर मार्क लाँग मृत्युमुखी पडले. हे हौशी मंडळींचे विमान नव्हते. अनुभवी तंत्रज्ञ आणि प्रशिक्षित वैमानिक असलेले ते शासकीय पथक होते. २०२२ मध्ये अमेरिकेत डॅलस येथील प्रदर्शनात महायुद्धकालीन दोन विमानांची हवेत टक्कर होऊन सहा जण ठार झाले. २२ ऑगस्ट २०१५ रोजी इंग्लंडमधील शोरहॅम येथे जुने हंटर विमान उभी गिरकी घेताना पुरेशी उंची न मिळाल्याने थेट महामार्गावर कोसळले. अकरा जणांचा बळी गेला. १९७१ मध्ये लोंगेवाला येथे पाकिस्तानी रणगाडे थोपवणारी आपली विमाने हंटरच होती. यंत्र कितीही पराक्रमी असो, ते वृद्ध होते. धातूलाही थकवा येतो, आणि तो बाहेरून दिसत नाही.

दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. विमान उडण्यायोग्य करायचे म्हणजे त्याचे गंजलेले पत्रे, रिव्हेट, पंखांचे मुख्य वासे, तारा, नळ्या, सारे बदलावे लागते. विमान उडते, पण जे उडते त्यात लढलेले विमान किती उरते? कारखान्यातील कामगाराने आतल्या पत्र्यावर पेन्सिलीने लिहिलेला आकडा, गोळीच्या छिद्रावर घाईने लावलेले ठिगळ, रंगाचे एकाखाली एक थर, हा सारा दस्तऐवज असतो. एकदा पुसला की तो परत लिहिता येत नाही. आपल्या भागातील हेमाडपंती देवळांच्या कोरीव दगडांवर भक्तिभावाने ऑइलपेंट फासलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. हेतू चांगला असतो. हानी मात्र कायमची होते.

परंपरेतच असलेले उत्तर

मग निर्णय कसा करावा? त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेच्या पादुकांची पालखी पंढरपूरला निघते. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पारस, अकोला, पातूर या वाटेने पुढे जाते. समाधी जागची हलत नाही, गाभाऱ्यातील मूर्ती हलवली जात नाही. वाटेवर येतात त्या पादुका, पालखीत बसते ती उत्सवमूर्ती. म्हणून भक्ताला दर्शनात काही उणे वाटते का? मूळ मूर्तीचे स्थैर्य आणि उत्सवमूर्तीचा संचार, दोन्हींची गरज आपल्या पूर्वजांनी ओळखली आणि दोन्हींची सोय वेगवेगळी लावली.

भारतीय वायुसेनेने अलीकडे नेमके हेच केले आहे. मे २०१८ मध्ये तिच्या ताफ्यात 'परशुराम' नावाचे डाकोटा दाखल झाले. ते लढाऊ नव्हे, वाहतुकीचे विमान. आयर्लंडमधील भंगारातून मिळालेले १९४४ चे हे विमान तत्कालीन खासदार राजीव चंद्रशेखर यांनी दुरुस्त करवून वायुसेनेला भेट दिले. त्यांचे वडील स्वतः वायुसेनेत डाकोटाचे वैमानिक होते. या विमानावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा क्रमांक. हे ते विमान नव्हे, आणि कोणी तसा दावाही करत नाही. तरीही ते आकाशातून जाताना श्रीनगरची ती सकाळ आठवते. भंगारात जाणाऱ्या यंत्राला मान मिळाला आणि इतिहासाचा एकही मूळ पुरावा धोक्यात आला नाही.

लढाऊ विमानांनाही हाच निकष लावता येईल. दिल्लीच्या पालम येथील वायुसेना संग्रहालयात वेस्टलँड वापिती विमान आहे. १९३३ मध्ये आपल्या वायुसेनेचा आरंभ ज्या चार विमानांनी झाला, त्या जातीचे हे विमान. असे विमान जगात दुसरे उरलेले नाही. ते उडवावे असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. ज्या जातीची अनेक विमाने शिल्लक आहेत, ज्यांचे बहुतेक भाग पूर्वीच बदलले गेले आहेत, ती तपासून, गर्दीपासून दूर, कसरती टाळून जरूर उडवावीत. मात्र जे एकमेव आहे आणि जे स्वतः लढले आहे, ते जमिनीवरच राहावे.

जतन म्हणजे नुसते उभे करणे नव्हे

परंतु बनारसच्या हरिकेनचा धडा विसरून चालणार नाही. गाभाऱ्यातील मूर्तीची नित्यपूजा चुकत नाही, म्हणूनच तिला गाभाऱ्यात ठेवण्याला अर्थ असतो. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ विमानांनी वायुसेनेचा निरोप घेतला. १९६३ पासूनची ती सेवा. नाशिकजवळच्या ओझर येथे ही विमाने घडवताना कितीतरी मराठी कामगारांचे हात लागले. अशी निवृत्त विमाने देशभर चौकांत आणि महाविद्यालयांच्या आवारांत उभी केली जातात. अनावरणाच्या दिवशी हार पडतात, छायाचित्रे निघतात. त्यानंतर वऱ्हाडातला चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा आणि पाठोपाठचा पावसाळा यांच्या हवाली ते विमान होते. टायर फुटतात, काच पिवळी पडते, पंखात पाखरे घरटी करतात. याला जतन म्हणत नाहीत.

उद्या अमरावतीला किंवा अकोल्याला असे विमान मिळण्याचा योग आला, तर नागरिकांनी आधी तीन प्रश्न विचारावेत. त्याच्यावर छप्पर असेल का? वर्षातून दोनदा त्याची साफसफाई आणि तपासणी नेमके कोण करील? आणि ते कोणत्या स्क्वाड्रनमध्ये होते, कोणत्या मोहिमेत गेले, याची नोंद मराठीत तेथे लावली जाईल का? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत चौथरा बांधण्याची घाई करू नये. आणखी एक काम त्याहून सोपे आणि अधिक तातडीचे आहे. वायुसेनेतून निवृत्त झालेले तंत्रज्ञ आपल्या गावात, कदाचित आपल्याच गल्लीत राहत असतील. त्यांच्या वह्या, छायाचित्रे आणि आठवणी आजच लिहून घ्याव्यात. यंत्राला छप्पर देता येते. माणसाच्या स्मरणाला मुदत असते.

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून प्रवासी विमानसेवा सुरू झाली. आज आकाशाकडे पाहणाऱ्या येथील मुलांतूनच उद्याचे वैमानिक निघतील. त्यांच्या माथ्यावरून एखादे जुने विमान घुमत जावे, ही इच्छा योग्यच आहे. पण त्या आनंदासाठी मूळ विमान किंवा त्यात बसणारा तरुण वैमानिक पणाला लागू नये. पालखी थाटात निघावी, आणि ती परत येईल तेव्हा गाभाऱ्यातला दिवा तेवत असावा.