सरकार नावाचा लेखक



कुपवाडात साहित्य संमेलन भरते आहे याचे बऱ्याच जणांना नवल वाटले. सांगलीला नाटक, मिरजेला गाणे आणि कुपवाडला एमआयडीसी, अशी वाटणी आपण केव्हाच करून टाकली आहे. 9 फेब्रुवारी 1998 ला तिन्ही गावांची मिळून एक महापालिका झाली, तरी ती वाटणी मोडली नाही. महापालिकेच्या पाटीवर कुपवाडचे नाव शेवटी येते आणि ड्रेनेजचा नंबरही शेवटीच लागतो, असे इथले लोक म्हणतात. त्यांना चूक म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

संमेलनाच्या अध्यक्षाने नव्या पिढीच्या वाचनाची काळजी वाहावी असा संकेत आहे. ती काळजी मी पुढच्या अध्यक्षांवर सोपवतो. मला आज एका लेखकाविषयी बोलायचे आहे. तो रोज लिहितो, सुट्टीच्या दिवशीही लिहितो. त्याचा मजकूर आपण सगळेच वाचतो, पण त्याचे परीक्षण कुठल्याच मासिकात येत नाही. तो लेखक म्हणजे सरकार. जिल्हाधिकारी कार्यालय, महापालिका, पोलीस, जिल्हा परिषद, पाटबंधारे, महावितरण अशी सगळ्यांची खाती आज फेसबुकवर, एक्सवर, इन्स्टाग्रामवर आहेत. पूर्वी माहिती खात्याचे ‘लोकराज्य’ महिन्याने हातात पडे. आता सरकार दर तासाला प्रसिद्ध होते. एवढे मराठी गद्य दुसरे कोणी लिहीत असेल असे मला वाटत नाही. मग साहित्य संमेलनाने त्याची दखल का घेऊ नये?

सरकारचा निरोप गावात पोचवणारा माणूस, म्हणजे तराळ, आपल्या साहित्याला अनोळखी नाही. आटपाडीच्या शंकरराव खरातांनी आपल्या आत्मचरित्राला ‘तराळ-अंतराळ’ हे नाव दिले. गावकीची तराळकी करणाऱ्या घरातला हा मुलगा पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू आणि 1984 च्या जळगाव साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. तराळकी ही माणसाला पिळून काढणारी व्यवस्था होती, तिचे गोडवे गायचे कारण नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तो निरोप आणणारा माणूस समोर दिसे. वाटेत थांबवून त्याला विचारता येई, की साहेब कधी येणार, कुणाकडे उतरणार, कागद कुठले आणायचे. आज निरोप सेकंदात येतो. विचारायला मात्र कोणी नसते. खाली शंभर प्रश्न लटकलेले असतात आणि वरच्या फोटोत साहेब हसत असतात.

या गद्याचा उत्तम नमुना आणि फसलेला नमुना, दोन्ही आपल्याकडेच सापडतात. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली. आयर्विनची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट, हे सांगलीतले शाळकरी पोरही सांगेल. 1929 सालच्या त्या पुलावर सगळे शहर आपापले घर मोजते. ‘आयर्विनला किती?’ एवढे विचारले, की सूर्यवंशी प्लॉटवरच्या माणसाला कळते, सामान माळ्यावर टाकायचे की घर सोडायचे. ‘आयर्विन, सकाळी आठ, 38 फूट’ एवढाच मजकूर खात्यावर पडला तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन. विशेषण नाही, फोटो नाही, साहेब नाहीत.

फसलेला नमुना त्याच दिवसांतला असतो. ‘कोयनेच्या वक्र दरवाजांतून अमुक क्युसेक विसर्ग सुरू, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. पण कर्नाळ रोडवरच्या म्हातारीने त्या आकड्याचे काय करायचे? ते पाणी तिच्या दारात कधी येणार, तिने कुठल्या शाळेत जायचे, म्हैस कुठे बांधायची, यातले काही त्यात नसते. लिहिणाऱ्याने आपल्यावरची जबाबदारी झटकली. वाचणारीच्या हाती काही लागले नाही. ‘सतर्क राहावे’ हे वाक्य मी सरकारी मराठीतून काही वर्षांसाठी हद्दपार करीन.

आणि सरकार असे अवघडून बोलते तेव्हा अफवा अस्खलित मराठीत बोलते. जुलै 2018 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातले होते. लांबची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. सप्टेंबर 2022 मध्ये आपल्या जत तालुक्यात लवंग्याला वाट विचारणाऱ्या चार साधूंना त्याच संशयावरून मारहाण झाली. अफवेचा संदेश शेजारणीने सांगावा तसा येतो: काल अमक्या गावात झाले, आपली पोरे सांभाळा. तिचे खंडन येते ते ‘सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की’ अशा थाटात, तेही बऱ्याचदा स्कॅन केलेल्या पत्राच्या तिरक्या फोटोत. तो फोटो दृष्टिहीन माणसाच्या मोबाइलला वाचून दाखवता येत नाही, शोधायला गेले तर सापडत नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून दंगल उसळली, एकाचा जीव गेला. सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद करावे लागले. त्यामागची निकड मी समजू शकतो. पण इंटरनेट बंद झाले की सरकारचा स्वतःचा आवाजही बंद होतो. ज्याने आपला सगळा संवाद मोबाइलवर नेऊन ठेवला, त्याने त्या दिवशी बोलायचे कशातून? 1963 पासून चालत आलेले सांगली आकाशवाणी केंद्र, गावचा कोतवाल, तलाठी, देवळाचा भोंगा आणि मशिदीचा भोंगा, ही जुनी साधने मोडीत काढू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

आता फोटोंविषयी थोडे. सरकारी जाहिरातींत कुणाचा चेहरा असावा यावर सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये बंधने घातली आणि 2016 मध्ये ती सैल केली. समाजमाध्यमावर तर कसलाच धरबंद उरलेला दिसत नाही. पाहणी केली, आढावा घेतला, निर्देश दिले, शुभेच्छा दिल्या. निर्देशाचे पुढे काय झाले याचा दुसरा भाग कधीच येत नाही. मालिकावाले तरी पुढचा भाग दाखवतात! मुंबई पोलीस 2015 च्या अखेरीस ट्विटरवर आले आणि त्यांच्या मिश्कील वाक्यांनी देशभर नाव कमावले. विनोदाला माझी हरकत नाही. पण त्यांच्या नकलेपायी जी छोटी कार्यालये सिनेमाच्या संवादांवर रील काढतात, त्यांनी आधी खाली आलेल्या तक्रारी वाचाव्यात.

राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने 28 जुलै 2025 ला कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबद्दल शासन निर्णय काढला. खासगी आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, बदली झाली की कार्यालयीन खाते रीतसर सुपूर्द करा, या त्यातल्या गोष्टी शहाणपणाच्या आहेत. कित्येक ठिकाणी साहेबांची बदली झाली की खात्यावरची गर्दीही साहेबांबरोबर जाते. पण त्या निर्णयाचा भर कर्मचाऱ्याने काय करू नये यावर आहे, धोरणावर टीका करू नये हेही त्यात आले. नागरिकाला उत्तर देण्याची शिस्त त्याहून निकडीची आहे.

उत्तर देण्याऐवजी शेरेच पुसले तर काय होते, तेही पाहा. अमेरिकेतल्या पोर्ट ह्युरॉन शहराच्या प्रशासकाने, म्हणजे आपल्या आयुक्तासारख्या अधिकाऱ्याने, कोविडच्या काळात आपल्या फेसबुक पानावर टीका करणाऱ्या नागरिकाचे शेरे पुसले आणि त्याला ब्लॉक केले. त्याच पानावर घरचे फोटो होते आणि शहराची माहितीही. प्रकरण थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च 2024 मध्ये असे पुसणे सरकारी कृती ठरते का याची कसोटी न्यायालयाने सांगितली: शासनाच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्या प्रशासकाला होता का, आणि त्या वेळी तो तो अधिकार वापरत होता का. आपल्याकडे शेरे पुसणे म्हणजे अंगण झाडण्याइतके सहज झाले आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक अभिलेखांचा 2005 चा कायदा आहे. आवक नोंदवहीतले पान फाडले तर कारकून निलंबित होतो. मग खात्यावर आलेली तक्रार पुसणाऱ्याला वेगळा न्याय कशाला?

कुपवाडकरांना हे जास्त झोंबावे. ऑगस्ट 2023 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. नगरसेवकाचे दार वाजवायची सोय गेली, तेव्हा पुष्कळांच्या हाती मोबाइलच उरला. लोकशाहीची सभा नसताना खात्याखालच्या चौकटीत लोक बोलत होते. त्या बोलण्याला नोंद क्रमांक मिळाला असता तर तो या शहराचा मोठा दस्तऐवज झाला असता.

म्हणून या संमेलनाच्या ठरावांत एक ठराव माझ्या विनंतीवरून घ्यावा. समाजमाध्यमावर आलेल्या प्रत्येक तक्रारीला सरकारी कार्यालयाने आवक क्रमांक द्यावा, तिची मुदत जाहीर करावी आणि शिवीगाळ सोडून कुठलाही शेरा पुसू नये. सूचना फोटोत नव्हे, अक्षरांत आणि साध्या मराठीत द्यावी. आणि इथल्या लेखक मंडळींनी, विशेषतः शिक्षकांनी आणि पत्रकारांनी, पुढच्या पावसाळ्याआधी जिल्हा प्रशासनाला पूर आणि अफवा यांच्यासाठी वीस-पंचवीस नमुना संदेश स्वतः लिहून द्यावेत. मानधन मिळणार नाही, नाव छापले जाणार नाही. तरीही लिहा.