अदृश्य कणांची मोजदाद



जे डोळ्यांस दिसत नाही ते मोजावे कसे, असा प्रश्न वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, तेव्हा त्याचे उत्तर गायगर-म्यूलर गणित्रात सापडते.

रेडियमसारख्या पदार्थांतून सुटणारे कण वायूतून जाताना वाटेतील अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवून लावतात. मागे धनभारित आयन उरतात. कण दिसला नाही तरी त्याची ही खूण राहते. गणित्राच्या धातूच्या नळीत आरगॉनसारखा वायू कमी दाबाखाली भरलेला असून मधोमध, नळीस न टेकणारी, बारीक तार ताणलेली असते. तार धन व नळी ऋण ठेवून त्यांच्यात काही शे व्होल्टचा विद्युद्दाब देतात. सुटा झालेला इलेक्ट्रॉन तारेकडे धावतो. तारेलगत ओढ अतिशय तीव्र असल्यामुळे त्याचा वेग इतका वाढतो, की तो इतर अणूंवर आदळून नवे इलेक्ट्रॉन सोडवितो. तेही धावतात व तेच करतात. पावसाळ्यात घाटातील एक धोंडा सुटावा आणि त्याने सारी दरड खाली आणावी, तसाच हा प्रकार. क्षणार्धात कोट्यवधी इलेक्ट्रॉन तारेवर पोहोचतात आणि ध्वनिवर्धकातून 'टक्' असा आवाज उमटतो.

दरड थांबलीही पाहिजे. त्यासाठी वायूत मद्यार्काची वाफ किंवा थोडा ब्रोमीन मिसळतात. मद्यार्क मात्र प्रत्येक ठोक्यास किंचित खर्ची पडतो, म्हणून तशी नळी कालांतराने निकामी होते.

१९०८ साली मँचेस्टर येथे रदरफर्ड व हॅन्स गायगर यांनी अल्फा कण याच तत्त्वावर मोजले. त्या वेळी टकटक नव्हती. विद्युन्मापकाची हालचाल टक लावून पाहावी लागे. १९२८ साली गायगर व वाल्थर म्यूलर यांनी कील येथे नळीला आजचे रूप दिले.

जवळ किरणोत्सर्गी पदार्थ नसतानाही गणित्र अधूनमधून वाजते. जमीन, दगड आणि अंतराळातून येणारे विश्वकिरण हे त्याचे कारण. म्हणून प्रथम हे ठोके काही मिनिटे मोजून मग ते वजा करावे लागतात.

वाजणाऱ्या यंत्रापेक्षा न वाजणारे यंत्र अधिक फसवे. प्रत्येक ठोक्यानंतर नळी सुमारे एक दशसहस्रांश सेकंद आंधळी असते. किरणोत्सर्ग फारच प्रखर असला, तर नळीला सावरण्यास अवसरच मिळत नाही, आणि धोका सर्वांत मोठा असेल तेथेच साधे गणित्र गप्प बसू शकते. अशा ठिकाणी आयनीकरण-कोठी नेतात. तीत दरड कोसळू न देता केवळ मूळच्या आयनांचा व इलेक्ट्रॉनांचा प्रवाह मोजला जातो.