ठेव कोणाची, जबाब कोणाचा?



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय दिला तो 'बँका आणि अर्थकारण' एवढाच. मी त्याला 'जबाबदारी' असे एक शेपूट जोडून घेतले. बँक बुडाली म्हणजे ती का बुडाली हे सांगणारे जाणते दुसऱ्याच दिवशी ढिगाने भेटतात. पण ती बुडत असताना काठावर कोण बसले होते, हे विचारणारा सहसा भेटत नाही. आज ते विचारावे असा माझा बेत आहे.

आपण बँकेत पैसे 'ठेवतो' असे म्हणतो. हा शब्दच थोडा फसवा आहे. गावाला जाताना शेजाऱ्याकडे दागिन्यांचा डबा ठेवला, तर परत आल्यावर तोच डबा आपल्याला मिळतो. बँकेत तसे नाही. गल्ल्यावर पैसे भरले त्या क्षणी ते बँकेचे झाले आणि आपण तिचे धनको झालो. त्यांतले थोडे ती रोख आणि सरकारी रोख्यांत ठेवते. बाकीचे कर्जाऊ देते. कर्ज फिटायला दहा-पंधरा वर्षे लागणार आणि ठेव मात्र मागाल तेव्हा द्यायची, असे हे गणित आहे. सगळे ठेवीदार एकाच सकाळी रांगेत उभे राहिले तर उत्तम चाललेली बँकही दुपारपर्यंत दार लावून घेईल. म्हणजे हा सारा कारभार विश्वासावर चालतो. आणि गंमत अशी की, गावचा सावकार ऋणकोची सात पिढ्यांची चौकशी करी. आपण मात्र असे सावकार आहोत की आपला पैसा पुढे कोणाच्या घरात गेला, हे आपल्याला कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

ही गोष्ट नवी नाही. १९१३ साली मुंबईची इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यापायी बुडाली. पुढे १९६० साली दोन बँका कोसळल्या: एक केरळातली पालई सेंट्रल बँक आणि दुसरी आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक. पालई बँक बंद करावी म्हणून ऑगस्ट १९६० मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकच उच्च न्यायालयात गेली. लोकांनी तेव्हा विचारले की, दुखणे तुम्हांला ठाऊक होते, तर रोगी मरणपंथाला लागेपर्यंत तुम्ही नाडी धरून का बसलात? प्रश्न रास्त होता. पण त्या काळाचा एक गुण मान्य केला पाहिजे. १९६१ साली ठेव विम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून तो अमलात आला. अमेरिकेनंतर अशी देशव्यापी व्यवस्था करणारा आपला दुसरा देश. संरक्षण होते दर ठेवीदाराला, दर बँकेमागे, १,५०० रुपयांचे. सहकारी बँकांना ही छत्री मिळायला १९७१ साल उजाडावे लागले.

ही मर्यादा हळूहळू वाढत १९९३ साली एक लाखावर गेली आणि तिथेच बसून राहिली. एक-दोन नव्हे, जवळजवळ सत्तावीस वर्षे! या काळात घरांच्या किमती, औषधांचे दर, मुलींच्या लग्नाचे खर्च कुठल्या कुठे गेले. पण विम्याचा आकडा हलला नाही. तो हलला फेब्रुवारी २०२० मध्ये आणि पाच लाख झाला. का हलला? कारण मधल्या काळात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे प्रकरण घडले होते.

ते आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या या बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदाराला सांगण्यात आले की, सहा महिन्यांत एक हजार रुपये काढता येतील. दोन दिवसांनी त्याचे दहा हजार केले, आणि पुढे जशी ओरड होईल तशी रक्कम वाढत गेली. बँकेने आपल्या कर्जांपैकी सुमारे सत्तर टक्के एकाच बांधकाम समूहाला दिले होते आणि ते लपवण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक खोटी खाती दाखवली होती. बँकेच्या व्यवस्थापकीय संचालकांनी स्वतःच रिझर्व्ह बँकेला पत्राने तशी कबुली दिली. एकवीस हजार खोटी खाती! आपण पत्त्याचा पुरावा एक दिवस उशिरा दिला तर आपले खाते गोठते. हिशेबतपासनीस येत होते, सरकारी तपासणी होत होती, वार्षिक अहवाल छापून येत होते. कुंपणाने शेत खाल्ले म्हणावे, तर इथे कुंपणे तीन-चार होती.

त्या दिवसांत केंद्रीय अर्थमंत्री मुंबईला आल्या, ठेवीदारांना भेटल्या आणि म्हणाल्या की, या बँकेशी अर्थखात्याचा प्रत्यक्ष संबंध नाही, नियंत्रण रिझर्व्ह बँकेचे आहे. कायद्याच्या दृष्टीने हे चूक नव्हते. रिझर्व्ह बँकेकडे जावे तर ती म्हणे, सहकारी बँकांवर आमचे अधिकार अपुरे, निबंधकही आहेत. १९६६ पासून हा दुहेरी कारभार चालू होता आणि दोन घरचा पाहुणा उपाशी राहावा तसे ठेवीदाराचे झाले. तो कारभार बदलण्याची दुरुस्ती २०२० साली झाली. विम्याची रक्कम नव्वद दिवसांत मिळावी ही दुरुस्ती २०२१ साली झाली. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, आणि मोठ्या ठेवी दहा वर्षांपर्यंत हप्त्यांनी देण्याचे ठरले. सत्तरीच्या माणसाला दहा वर्षांचा वायदा!

आता एक जुनी हकीकत सांगतो, कारण तिच्यावाचून माझे म्हणणे पुरे होत नाही. १९५७ साली नव्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे भाग विकत घेतले. गुंतवणूक समितीला विचारलेही नाही. फिरोझ गांधींनी लोकसभेत प्रश्न उभा केला. लक्षात घ्या, ते सत्तारूढ पक्षाचे आणि पंतप्रधानांचे जावई. चौकशीला मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला नेमले गेले. त्यांनी ती मुंबईत उघडपणे चालवली. गर्दी एवढी की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. महिन्याभरात काम आटोपले. हा व्यवहार सचिवांनी केला, मला ठाऊक नव्हता, असे अर्थमंत्री कृष्णम्माचारी म्हणत होते. छागलांनी सांगितले की, सचिवाच्या कृत्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याची. फेब्रुवारी १९५८ मध्ये मंत्र्यांनी राजीनामा दिला. ते पुढे १९६३ साली पुन्हा अर्थमंत्री झाले, हेही सांगून टाकतो. म्हणजे तो काळ केवळ देवमाणसांचा होता असा भ्रम नको. परंतु 'माझा संबंध नाही' हे उत्तर तेव्हा पुरले नाही, एवढे खरे.

कोणी म्हणतील, मंत्र्याने राजीनामा दिला म्हणून ठेवीदाराचा पैसा थोडाच परत येतो? येत नाही. पण खुर्ची जाण्याचे भय असेल तर तपासणीचा कागद फडताळात तीन वर्षे पडून राहणार नाही, आणि मला हवे आहे ते एवढेच.

आणि आपण? माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षिकाबाई राहतात. त्यांची सगळी पुंजी एका सहकारी बँकेत अडकली. ती बँक कोणती, हे महत्त्वाचे नाही. मी त्यांना विचारले, "बाई, आपण सभासद होता, वार्षिक सभेला कधी गेला होता का?" त्या म्हणाल्या, "दरवर्षी जात असे. अहवाल मंजूर म्हणून हात वर करायचा आणि भेटवस्तू घेऊन यायचे. एका वर्षी स्टीलचा डबा दिला होता." तो डबा अजून त्यांच्या स्वयंपाकघरात आहे. मी त्यांना हसलो नाही, कारण तसाच एक डबा माझ्याही घरी आहे.

डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, रिझर्व्ह बँकेने बँकांच्या तपासणीची माहिती नागरिकाला माहिती अधिकारात दिली पाहिजे. बँका त्याविरुद्ध पुन्हा न्यायालयात गेल्या, यावरून ती माहिती किती मोलाची आहे हे कळावे. येत्या काही महिन्यांत आपल्या गावच्या बँकांच्या वार्षिक सभा भरतील. तिथे उभे राहून तीन गोष्टी विचारा: सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती हिस्सा आहे, संचालकांच्या नातलगांना काय दिले आहे, आणि मागच्या तपासणीत काढलेल्या दोषांचे काय झाले. पहिल्या वर्षी आपल्याला खाली बसवतील. उत्तर मिळाले नाही तर प्रश्न लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.